घाटमाथ्यावर विजेच्या तारेशिवाय राहताना घरातली वैद्यकीय आणीबाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुळशी, वेल्हे, भोर, मावळ या पट्ट्यात सोलरवर आणि विहिरीच्या किंवा झऱ्याच्या पाण्यावर राहणाऱ्या कुटुंबांसाठी हे पान आहे. ज्यांचं घर डांबरी रस्त्यापासून आत आहे, फोनची रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यातच येते आणि घरात म्हातारी माणसं किंवा लहान मुलं आहेत, त्यांनी ते आधी वाचावं.

तयारीची सुरुवात प्रथमोपचाराच्या पेटीपासून करायची ना?

नाही, घड्याळापासून करायची. घर ते डांबरी रस्ता, डांबरी रस्ता ते जवळचा सरकारी दवाखाना, आणि तिथून सीटी स्कॅन व अतिदक्षता विभाग असलेलं पुण्यातलं रुग्णालय, अशा तीन टप्प्यांना किती मिनिटं लागतात ते प्रत्यक्ष गाडी चालवून मोजा. एकदा कोरड्या दिवशी, एकदा जुलैतल्या पावसात रात्री आणि एकदा रविवारी संध्याकाळी. रविवारची फेरी बरेच जण टाळतात आणि तिथेच फसतात. पानशेतकडून येताना खडकवासल्याच्या चौपाटीवर आणि ताम्हिणीकडून येताना पौड रस्त्यावर परतणाऱ्या पर्यटकांची रांग लागली की नकाशातला पाऊण तास दोन तासांचा होतो.

मिळालेले आकडे दाराच्या मागे चिकटवा. पुढचा प्रत्येक निर्णय त्यांवर ठरतो. डांबरी रस्ता दहा मिनिटांवर असेल तर पेटी छोटी चालेल. चाळीस मिनिटं चालत जावं लागत असेल तर पेटीआधी झोळी आणि माणसं लागतील.

जवळचा दवाखाना म्हणजे नेमका कोणता?

सगळ्या दुखण्यांना एकच दवाखाना चालत नाही, म्हणून यादी दुखण्यानुसार करा. पौड आणि वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय आहे, भोरला उपजिल्हा रुग्णालय, पुण्यात औंधचं जिल्हा रुग्णालय आणि स्टेशनजवळ ससून. सर्पदंश, विंचूदंश, विषबाधा यांत पहिलं इंजेक्शन लवकर पडणं महत्त्वाचं, म्हणून वाटेतलं ग्रामीण रुग्णालय आधी गाठायचं. पक्षाघात आणि हृदयविकाराच्या झटक्यात मात्र सीटी स्कॅन किंवा कॅथलॅब (हृदयाच्या बंद रक्तवाहिन्या उघडायची खोली) नसलेल्या ठिकाणी थांबणं म्हणजे वेळ घालवणं. तिथे सरळ मोठं रुग्णालय.

वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि पावसाच्या तोंडावर, प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा: सर्पविषावरच्या लशीच्या किती व्हायल (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या) आहेत, रात्री डॉक्टर मुक्कामाला असतात का, कुत्रा चावल्यावरची लस कोणत्या वारी देतात. गावच्या आशाताईंना हे सगळं ठाऊक असतं. ओळख नसेल तर आधी ती करा.

१०८ लावायचा, ११२ लावायचा की गाडी काढायची?

महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. ती मोफत असते आणि सोबत डॉक्टर येतो. ११२ हा पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांचा एकत्रित क्रमांक. आजारपणात आधी १०८ लावा. रस्त्यावर झाड पडलंय, दरड आलीये, माणूस दरीत आहे अशा वेळी ११२ लावा.

वाडीत गाडी असेल तर दोन्ही करा: फोन लावा, रुग्णाला गाडीत घ्या आणि रुग्णवाहिकेकडे निघा. गाठ कुठे पडणार ते फोनवर नक्की ठरवा: एसटी थांबा, पुलाचं तोंड, मंदिर, पेट्रोल पंप. ठिकाण न ठरवता निघालात की घाटातल्या वळणावर दोन्ही गाड्या एकमेकींना ओलांडून जातात, आणि तिथे रेंज नसते.

फोनवर सांगायचा मजकूर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: जिल्हा, तालुका, गाव, वाडी, डांबरी रस्त्यावरची खूण, घराचे अक्षांश-रेखांश, दुसरा संपर्क क्रमांक. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या वाडीचं नावही आठवत नाही. हा कागद घरातल्या दहा वर्षांच्या मुलाकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या.

रेंजच नसेल तर?

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम घ्या. कोणती कंपनी कुठे लागते ते घराभोवती फिरून बघा आणि त्या जागी खांब रोवा. अंधारातही सापडली पाहिजे. तुमच्या सिमला रेंज नसली आणि दुसऱ्या कंपनीची असली तर ११२ बहुतेक वेळा लागतो. फोन लागत नाही पण एसएमएस जातो, असंही होतं. म्हणून गावातल्या तिघांना एकदम जाईल असा संदेश आधीच लिहून ठेवा.

सॅटेलाइट फोन मागवायचा विचार असेल तर सोडा. भारतात परवान्याशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे आणि परदेशी नातेवाइकाने आणून दिला म्हणून सूट मिळत नाही. ऑनलाइन मिळणारे सिग्नल बूस्टरही बेकायदाच. ४४६ मेगाहर्ट्झवरचे अर्ध्या वॅटचे वॉकीटॉकी विनापरवाना चालतात. डोंगर मध्ये आला की ते किलोमीटरभरही पोचत नाहीत, पण शेजारच्या वस्तीला उठवायला पुरतात. तेही नको असेल तर शिट्टी आणि ताटली. तीनदा वाजवून थांबायचं, पुन्हा तीनदा, अशी खूण शेजाऱ्यांशी ठरवून घ्या.

साप चावला तर पहिल्या दहा मिनिटांत काय?

माणसाला जागीच बसवा किंवा आडवं करा. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, घड्याळ लगेच काढा; सूज चढली की कापावे लागतात. चावलेला हात किंवा पाय मोडल्यासारखा समजून दोन फळ्यांमध्ये सैल बांधा. चावल्याची वेळ पेनाने कातडीवर लिहा. सुजेची कड कुठवर आली तेही दर पंधरा मिनिटांनी आखा. रुग्णाला चालवू नका.

आवळपट्टी बांधणं, चिरा देणं, चोखणं, बर्फ, मिरची खायला देऊन चव विचारणं, यातलं काहीच करू नका. घोणस आणि फुरशाचं विष मांस सडवतं. आवळलेल्या जागी ते साठतं आणि पाय गमवावा लागतो. साप पकडायला किंवा मारायला जाऊ नका, दुसरा माणूस चावून घेतो. लांबून फोटो मिळाला तर घ्या, नाही मिळाला तरी उपचार अडत नाही: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच लस चालते. घाटातल्या झाडीत दिसणाऱ्या हिरव्या चापड्यावर मात्र ती चालत नाही. त्याच्या दंशाने जीव सहसा जात नाही, पण रुग्णालयात जायचंच.

मण्यार सगळ्यात फसवी. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, पापण्या मिटू लागतात, शब्द जड येतात. पावसाळ्यात सकाळी घरातल्या कोणाच्या पापण्या उघडत नसतील तर पित्त म्हणून आल्याचा रस देत बसू नका. गाडी काढा. वाटेत त्याला कुशीवर ठेवा आणि श्वासावर नजर ठेवा. श्वास थांबला तर तोंडाने किंवा अंबू बॅगने (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) तो चालू ठेवायचा. मण्यारीच्या विषात हृदय चालू असतं, फक्त छातीचे स्नायू थकलेले असतात. रुग्णालय येईपर्यंत श्वास दिला तर माणूस वाचतो.

यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खाट आणि चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी.

मग सर्पविषाची लस फ्रिजमध्येच ठेवली तर?

ठेवू नका. सुरुवातच आठ ते दहा व्हायलने होते, ती सलाईनमधून जाते आणि लहान मुलालाही मोठ्याइतकीच लागते. देताना जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते, तेव्हा हाताशी ॲड्रिनलिन आणि डॉक्टर लागतो. घोणस किंवा फुरशाचा संशय असेल तर रुग्णालयात काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटांनी गोठलं का ते बघतात. ‘वीस मिनिटांची तपासणी झाली का?’ असं शांतपणे विचारायला हरकत नाही.

विंचवाला एवढं घाबरायचं कारण काय? लहानपणापासून बघतोय.

काळा विंचू दुखवतो. लाल विंचू लहान मुलाचा जीव घेऊ शकतो. त्याच्या विषाने रक्तदाब भडकतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. दरदरून घाम, थंडगार हातपाय, उलट्या, तोंडाला लाळ ही लक्षणं दिसली की धावा. यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध गुणकारी ठरतं, हे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिलं. तोवर या दंशाने अनेक मुलं दगावत. आता बहुतेक वाचतात, वेळेत पोचली तर. गोळी घरी ठेवून स्वतःच देऊ नका, रक्तदाब एकदम खाली येतो. लाकडाचा ढीग, विटा आणि जांभा दगड भिंतीपासून दूर रचा, आणि बूट झटकूनच घाला.

आग्या माश्या उठल्या तर?

पळा, डोकं-तोंड कापडात गुंडाळून, आणि घरात शिरून दार लावा. मध्येच थांबू नका, झुडपात लपू नका. काटे नखाने किंवा चाकूच्या पाठीने पटकन खरवडा. ते विष सोडतच असतात. ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, सगळ्या अंगावर गांधी, चक्कर यांतलं काही दिसलं तर मिनिटांचा खेळ आहे. ज्याला आधी अशी ॲलर्जी येऊन गेली आहे, त्याने डॉक्टरांकडून ॲड्रिनलिनची ॲम्प्युल, एक मिलिलिटरची सिरिंज आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायचं कसं, हे लेखी मात्रेसह शिकून घ्यावं. सेटिरिझिन अंगावरची खाज कमी करतं, बंद होणारा घसा उघडत नाही. मोठ्या माणसाला पन्नासएक डंख बसले आणि तो बरा दिसला तरी रुग्णालयात दाखवा, पुढच्या दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडावर परिणाम दिसू शकतो.

छातीत दुखतंय. गॅस आहे की झटका, कसं ओळखायचं?

घरी ओळखू नका. छातीच्या मध्यभागी दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप असेल तर झटकाच धरा. मधुमेही माणसात आणि बायकांमध्ये बऱ्याचदा फक्त धाप आणि मळमळ असते. ॲस्पिरिन ३०० ते ३२५ मिलिग्रॅम चावून खायला द्या. ॲस्पिरिनची ॲलर्जी, चालू अल्सर किंवा रक्तस्राव असेल तर नाही. जिभेखालची सॉर्बिट्रेट फक्त ज्याला लिहून दिली आहे त्यालाच, तीही बसवून. शेजाऱ्याची देऊ नका. रुग्णाला पायऱ्या चढवू नका आणि स्वतः गाडी चालवू देऊ नका.

तोंड वाकडं, एक हात खाली पडतो, शब्द अडखळतात, हा पक्षाघात. इथे ॲस्पिरिन द्यायची नाही, कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ‘शेवटचा नीट कधी होता’ ही वेळ लिहून न्या. डॉक्टर आधी तेच विचारतील.

सोलरवर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन, चालेल का?

चालेल, पण हिशेब कागदावर करून बघा. मिनिटाला पाच लिटर देणारं मशीन साधारण ३५० वॅट खातं, दिवसाला साडेआठ युनिट. १२.८ व्होल्ट १०० ॲम्पिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत सव्वा युनिट असतं. इन्व्हर्टरची गळती वजा करता ती तीन तास ओढते. उन्हाळ्यात दोन किलोवॅटचं पॅनेल आणि मोठी बॅटरी यांनी भागेल. जुलैत घाटमाथ्यावर ढग आठवडाभर हटत नाहीत. तेव्हा पॅनेल दिवसाला तासाभराच्या कडक उन्हाइतकंच देईल असं धरून आखणी करा. चोवीस तास ऑक्सिजन लागणाऱ्या माणसाने पावसाळ्याचे चार महिने वीज असलेल्या घरात काढावेत, हे आमचं स्पष्ट मत आहे.

अधूनमधून लागणाऱ्यासाठी बी टाइपचा सिलिंडर भरवशाचा. त्यात सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला दोन लिटरने साडेबारा तास, पाच लिटरने पाच तास. पाचवा हिस्सा राखीव धरा. नेहमी अडतं ते चावीपाशी: सिलिंडर आहे, रेग्युलेटर आहे, पण उघडायची चावी सापडत नाही. ती साखळीने सिलिंडरलाच बांधा. सिलिंडरच्या आट्यांना तेल-ग्रीस कधीच लावू नका, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेटतं. चूल आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब, उभा, भिंतीला पट्ट्याने बांधलेला ठेवा.

दम्यासाठी नेब्युलायझरपेक्षा इन्हेलर आणि स्पेसर (इन्हेलरला जोडायची पोकळ नळी) घ्या. वीज लागत नाही आणि साध्या झटक्यात परिणाम तेवढाच. साल्ब्युटॅमॉलचे चार फवारे, एकेक करून, प्रत्येकी चार श्वास. चार मिनिटांनी फरक नसेल तर पुन्हा चार देत गाडीत बसा. झोपेत सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लागणाऱ्यांनी त्यातला हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवला तर रात्रीला ३०० वॅट-तासाच्या आसपास भागतं.

एक नियम मात्र सगळ्यांना: वैद्यकीय मशीनची बॅटरी आणि इन्व्हर्टर वेगळे ठेवा. विहिरीचा पंप सुरू झाला की इन्व्हर्टर ओव्हरलोडवर बसतो आणि त्याच इन्व्हर्टरवरचं मशीन बंद पडतं.

इन्सुलिन कसं टिकवायचं?

न उघडलेलं २ ते ८ अंशांत, वापरातलं तीस अंशांखाली साधारण चार आठवडे. पावसाळ्यात आणि थंडीत घाटमाथ्याची हवा वापरातल्या व्हायलला पुरेशी थंड असते, प्रश्न मार्च ते मेचा. मडक्यात मडकं ठेवा, मधल्या फटीत ओली वाळू भरा, वर ओलं फडकं टाका आणि वारा लागेल अशा सावलीत ठेवा. कोरड्या उन्हाळ्यात हे छान काम करतं. दमट हवेत पाणी उडत नाही, म्हणून थंडावाही मिळत नाही. साठा ठेवायचा असेल तर ५० लिटरचा डीसी फ्रिज घ्या. उन्हाळ्यात तो दिवसाला अर्धं युनिट खातो. बर्फाच्या कप्प्याला टेकलेलं इन्सुलिन गोठतं, आणि गोठलेलं वितळलं तरी निकामीच.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची बाटली उघडी राहिली की दमटपणाने आकडे चुकतात. साखर उतरली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका.

पेटीत नेमकं काय हवं?

पत्र्याची नको, झाकण घट्ट बसणारी प्लॅस्टिकची घ्या, आत सिलिका जेल. क्रेप बँडेज १० आणि १५ सेंटिमीटरची प्रत्येकी चार, निर्जंतुक गॉजची वीस पाकिटं, रुंद चिकटपट्टी, त्रिकोणी पट्ट्या चार, कपडे कापायची कात्री, हातमोजे, लवचीक फळ्या दोन, पॉकेट मास्क. डिजिटल थर्मामीटर, बीपीचं मशीन, ऑक्सिमीटर. यांचे सेल काढून बाजूला ठेवा, नाहीतर ते गळून यंत्र खराब होतं. गार बोटावर आणि नेलपॉलिशवर ऑक्सिमीटर खोटं बोलतो, हे घरच्यांना सांगून ठेवा.

औषधांत पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, सेटिरिझिन, एक लिटरची ओआरएस पाकिटं वीस, मुलांसाठी झिंक, आणि घरच्या रुग्णांची नेहमीची औषधं एक महिना जास्त. ओआरएस संपलं तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मिठाचा हात सैल सोडू नका, मुलांना जास्त मीठ घातक. अँटिबायोटिकचा साठा मागणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो: अर्धवट गोळ्या खाऊन ताप दबतो आणि डॉक्टरांना निदान होत नाही.

भाजणं, कीटकनाशक, कुत्रा: थोडक्यात?

भाजल्यावर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई नाही. सोलरच्या साध्या बॅटरीचं ॲसिड डोळ्यात गेलं तरी तेच, पाण्याचा हात न थांबवता. म्हणून वरच्या टाकीत वीस लिटर कायम शिल्लक ठेवा.

फवारणीचं औषध पोटात गेलं तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा (तुम्ही हातमोजे घालून) आणि डबा सोबत न्या. लेबल वाचूनच उतारा ठरतो.

कुत्रा, मांजर, माकड चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवा, मग त्याच दिवशी लस. कातडीत टोचायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागतं. ते सगळीकडे नसतं, निघण्याआधी फोन करून विचारा.

रुग्णाला डांबरी रस्त्यापर्यंत न्यायचं कसं?

आठ फुटी दोन बांबू आणि जाड घोंगडी किंवा ताडपत्री. बांबू ओले, हिरवे नकोत. वजनाने वाकतात. चार जण उचलतात, दोन जण बदली आणि एक पुढे बॅटरी घेऊन. दर दोनशे पावलांनी खांदा बदलायचा. उतारावर पाय पुढे, चढावर डोकं पुढे. पाठीचा किंवा मानेचा मार असेल तर झोळी नको, दाराची फळी काढा.

सर्पदंशात मोटारसायकल वाईट नाही. चालवणारा, मध्ये रुग्ण, मागून घट्ट धरणारा तिसरा. शुद्ध हरपत असेल तर मात्र नाही.

पावसाळ्यासाठी वेगळं काय?

ओढ्यावरची फरशी पाण्याखाली गेली की गाडी घालू नका, गुडघाभर पाणीही ती ढकलतं. म्हणून जूनआधीच पलीकडच्या काठावर एक गाडी ठेवायची सोय शेजाऱ्यांशी मिळून करा. पंचवीस मीटर दोर, कोयता, करवत गाडीतच. टाकी अर्ध्याखाली नाही, तोंड रस्त्याकडे, किल्ली ठरलेल्या खिळ्यावर. वरंध घाट पावसाळ्यात बंद करतात आणि ताम्हिणीत दरडी येतात. कोकणच्या बाजूला उतरून महाड-माणगाव गाठायचा बेत तेव्हा पक्का धरू नका.

घरात गर्भवती आहे. शेवटपर्यंत इथेच राहता येईल?

छत्तिसाव्या आठवड्यानंतर नाही. जुलै-ऑगस्टची तारीख असेल तर त्याआधीच गावात, शक्यतो माहेरी किंवा रुग्णालयाच्या अर्ध्या तासाच्या आत. डोळ्यांपुढे अंधारी, तीव्र डोकेदुखी, अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं यांत सकाळची वाट बघायची नाही.

कागदपत्रं आणि पैसे?

आधार, रेशनकार्ड, विम्याची प्रत, जुने रिपोर्ट, चालू औषधांची यादी, ॲलर्जी आणि रक्तगट, सगळं एका प्लॅस्टिकच्या पाकिटात दाराजवळ. शासकीय योजनेत मोफत उपचार घ्यायचे तर रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं. स्पेलिंगची चूक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. पाच-सात हजार रोख ठेवा. रेंज नसलेल्या ठिकाणी फोनवरून पैसे जात नाहीत.

सराव किती वेळा?

वर्षातून दोनदा, त्यातला एक रात्री आणि न सांगता. घरातला गाडी चालवणारा माणूसच रुग्ण आहे असं धरून करा. हृदय बंद पडल्यावर छाती दाबावी लागते, त्याचा सराव उशीवर नको, कडक गादीच्या गुंडाळीवर करा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, तीस दाबांनंतर दोन श्वास, दर दोन मिनिटांनी माणूस बदला. त्याच दिवशी पेटीतल्या तारखा तपासा, बॅटऱ्या लावून बघा, सिलिंडरचा काटा वाचा आणि दारामागच्या कागदावरचे फोन नंबर एकेक करून लावून बघा.